आवरणे कोणासाठी?

मायकेल पॉवेल यांचा 'पीपिंग टॉम' हा १९६० सालचा ब्रिटिश चित्रपट. एकलकोंडा मार्क कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायात लपवलेल्या पात्याने बायकांना मारतो, त्यांची शेवटची भीती चित्रित करतो. लहानपणी वडिलांनी त्याच्यावरच भीतीचे प्रयोग केले होते, म्हणून आपल्याला त्याची कीव येते. भाडेकरू हेलन मात्र त्याला आवडते. तिच्यावर कॅमेरा रोखायचा नाही, असे तो ठरवतो आणि स्वतःला आवरतो.

म्हणजे आवरणे जमते! मग शरीरविक्रय करणारी डोरा, स्टुडिओतली व्हिव्हियन, मॉडेल मिली यांच्या वेळी का नाही? 'राग आवरत नाही' म्हणणारा नवराही साहेबापुढे मुकाटच असतो. त्याचे दुखणे जरूर समजून घेऊ. पण आधी मारल्या गेलेल्या बायकांची नावे घेऊ.