दादीला तिच्या भाषेत प्रश्न कोण विचारणार?



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बरेच जण बारावी सायन्सचे आहेत. ‘नीट’मध्ये नंबर लागला नाही तर विज्ञानच सोडायचं, असं काहींनी मनाशी ठरवूनही टाकलं असेल. मला आधी त्यांच्याशी बोलायचं आहे, तेही एका आजाराच्या निमित्तानं. तो आजार म्हणजे अल्झायमर.

आपल्या मोहल्ल्यांत या आजाराला बहुधा नाव नसतं. दादी तीच गोष्ट चार वेळा विचारू लागली, नमाजच्या किती रकात झाल्या ते विसरू लागली, ओळखीच्या गल्लीत वाट चुकली, की आपण म्हणतो, वय झालं. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर तयारच आहे. काही घरांत ‘बाहेरचं’ समजून तावीज-गंडे सुरू होतात. डॉक्टरपर्यंत पोचायला वर्षं जातात आणि तोवर घरातली सून किंवा मुलगी एकटीच सगळं निभावते. म्हातारपणी जाणतेपण हरपण्याचा उल्लेख कुरआनमध्ये आहे. आजार आहे तर उपायही आहे, ही शिकवण हदीसमध्ये आहे. मग उपाय शोधणं हे दीनबाहेरचं काम कसं असेल?

या आजाराचा शोध साध्या प्रश्नांनी सुरू झाला. 1901 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलोइस अल्झायमर तिच्यासमोर बसून विचारत, नाव काय, नवऱ्याचं नाव काय, आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून घेत. 1906 मध्ये ती वारली. त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींच्या बाहेर साठलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. आज आपण त्यांना अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या नावानं ओळखतो.

आता औषधांचं पाहू. 2023 मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड काढून टाकतं. चाचणीत 18 महिन्यांत रुग्णांची घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. आजार बरा झाला नाही, काहींच्या मेंदूला सूज आली, रक्तस्राव झाला. आणि हे औषध फक्त सुरुवातीच्या अवस्थेत देता येतं. म्हणजे आजार लवकर ओळखला नाही, तर औषध असूनही उपयोग नाही.

तो ओळखायचा कसा? जगभर वापरली जाणारी एक चाचणी 30 गुणांची आहे. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचं, एक वाक्य लिहायचं, आकृती पाहून काढायची. शाळेत न गेलेली दादी इथे नापास होणारच, मेंदू शाबूत असला तरी. उलट शिकलेल्या माणसाचा आजार चांगल्या गुणांमागे लपू शकतो. म्हणून 1990च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार झाली. पुढे आयसीएमआरनं स्मृती-भाषेच्या चाचण्यांचा संच केला. तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भारतीय भाषांत आला. त्या पहिल्या पाचांत मराठीही नव्हती आणि उर्दूही नव्हती. घरात दखनी किंवा कोकणी, बाजारात मराठी आणि मदरशात उर्दू अशा माणसाला नेमकं कोणत्या भाषेत विचारायचं? हे तुमच्याइतकं कोण जाणतं?

भाषेचा आणखी एक धागा आहे. 2013 मध्ये हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या 648 रुग्णांचा अभ्यास डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. निरक्षरांतही हा फरक दिसला. इतर ठिकाणचे निष्कर्ष संमिश्र आहेत, म्हणून प्रश्न अजून खुला आहे. खुला प्रश्न म्हणजे तुमच्यासाठी काम!

आणि काम मोठं आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या 88 लाख लोकांना, म्हणजे शंभरात सात जणांहून जास्त, स्मृतिभ्रंश आहे. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण अधिक आहे.

वाटा कोणत्या? मूलभूत संशोधन करायचं असेल तर बारावीनंतर पुण्याच्या ‘आयसर’सारख्या संस्थांची वेगळी प्रवेश परीक्षा असते, ‘नीट’ लागत नाही. मानसशास्त्र घेऊन, पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम करून चाचण्यांच्या कामात जाता येतं. ऐकू कमी येणं हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं. श्रवण आणि वाचा यांचं शिक्षण वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मिळतं. संख्याशास्त्र आणि संगणक येणाऱ्यांची मेंदूच्या स्कॅनसाठी गरज आहेच.

पैशाचा प्रश्न खरा आहे. मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली. त्याविरुद्ध बोलायलाच हवं, पण बोलत असताना थांबायचं नाही. सीएसआयआर-यूजीसी ‘नेट’मधून जेआरएफ मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पीएचडी म्हणजे कमाई नाही, असं अब्बा म्हणाले तर हा आकडा सांगा.

ज्यांना वाटतं हे आपल्यासारख्यांचं क्षेत्र नाही, त्यांनी ओबैद सिद्दीकी हे नाव लक्षात ठेवावं. उत्तर प्रदेशातल्या बस्तीत जन्म, अलीगढमध्ये शिक्षण. 1962 मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून त्यांनी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे फळमाशीवर काम करून मज्जापेशी कशा चालतात, वास कसा ओळखला जातो, याचा शोध घेतला. आज जगभर अल्झायमरच्या अभ्यासातही फळमाशी वापरतात.

घरी गेल्यावर एक करा. दादी-नानीजवळ बसा, तिच्याच बोलीत बोला. सहा महिन्यांत काय बदललं ते वहीत तारखेसकट लिहा आणि बदल दिसला तर ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. प्रवेशाचे अर्ज भरायचे असतील तर कार्यक्रमानंतर मी इथेच थांबणार आहे. मुलींनी आधी यावं.