गावचा रस्ता आणि आपण
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस बोलण्यासाठी विषय दिला तो 'ग्रामसुधारणा' हा. हा विषय इतका विस्तीर्ण आहे की, त्यावर बोलणारा बहुधा काहीच न सांगता खाली बसतो. यास्तव आम्ही केवळ एका रस्त्याविषयी बोलण्याचे योजिले आहे. आमच्या गावच्या वेशीपासून निघून, ओढ्यावरील मोरी ओलांडून मोठ्या सडकेस मिळणारा हा अडीच-तीन किलोमीटरांचा तुकडा. कृष्णाकाठच्या प्रत्येक गावास असा एक तुकडा असतोच. तेव्हा इतर गावांहून आलेल्या मंडळींनाही हे बोलणे परके वाटू नये.

या रस्त्यासंबंधी गेली दोन वर्षे ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सभेत एकच सदस्या प्रश्न विचारीत आहेत. त्या आपल्याच ज्ञातीतील एका घरच्या सूनबाई होत. 2011 साली महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, त्या व्यवस्थेमुळे त्या निवडून आल्या, आणि 'आपले माणूस' म्हणून आपण सर्वांनी त्या दिवशी गुलाल उधळला. आता मात्र आपल्यातीलच काही वडीलधारी मंडळी आमच्या घरी येऊन सांगून गेली, "गुरुजी, सूनबाई तुमचा शब्द मोडणार नाहीत. त्यांना चार गोष्टी समजावून सांगा. आपल्याच माणसांच्या मागे का लागल्या आहेत?" आम्ही ते काम पत्करले नाही. का पत्करले नाही, ते चारचौघांत सांगणे बरे, म्हणून आज येथे उभे आहो.

बाईंच्या तक्रारी तीन आहेत. रस्त्याकडेचे चर बुजले आहेत व पाणी सडकेवर साचते, ही पहिली. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या व टायरगाड्या रात्री दिव्यावाचून उभ्या राहतात, ही दुसरी. मोरीपाशी लोक कचरा टाकतात, ही तिसरी. गावात म्हणतात, बाईंनी तीन ठिकाणी भांडण काढले. आमचे म्हणणे असे की, ही तक्रार मुळात एकच आहे.

डांबरी रस्त्याचा खरा शत्रू वाहनांचे ओझे एवढाच नव्हे, तर पाणी. खडीला धरून ठेवणारे डांबर साचलेल्या पाण्याने सुटू लागते, खालचा मुरूम भिजून मऊ होतो, आणि वरून जोड ट्रॉली गेली की खड्डा पडतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये किंचित उंच ठेवतात, दोहों बाजूंस साईडपट्टी व तिच्यापलीकडे चर काढतात, आणि चराचे पाणी मोरीखालून ओढ्यास नेतात. आता आमच्या मोरीचे नळ पाहा. लग्नसराई संपली की थर्माकोलच्या ताटल्या, द्रोण, पाण्याचे प्लॅस्टिक पेले आणि उष्टे अन्न यांनी ते तोंडापर्यंत भरतात. वास्तविक अशा ताटल्या-पेल्यांवर महाराष्ट्रात 2018 च्या मार्च महिन्यापासून बंदी आहे. तरी आपल्या कार्यांत त्या येतात, आणि पंगत उठली की रातोरात ट्रॉलीत भरून मोरीवर जातात. पहिल्या वळवाच्या पावसात पाणी तुंबते, सडकेवर चढते, आणि दिवाळीपर्यंत तेथे खड्डा तयार असतो. तो चुकविण्यासाठी मोटारसायकलवाला रस्त्याच्या कडेस जातो. आणि कडेला, काळोखात, चाक निखळलेली उसाची ट्रॉली उभी असते.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. दोन हंगामांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एक तरुण त्याच जागी गेला. त्याला आम्ही चौथीत शिकविले होते. हस्ताक्षर सुरेख होते. ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी नव्हती, दिवा नव्हता, एखादे फडकेसुद्धा बांधलेले नव्हते. त्याच्या आईबापांसमोर याहून अधिक बोलणे आम्हांस जमणार नाही. एवढेच सांगतो की 2022 या एका वर्षात भारतात 1,68,491 माणसे रस्त्यांवरील अपघातांत मेली. त्यांत महाराष्ट्रातील 15,224 होती, आणि देशातील एकंदर बळींपैकी निम्म्याहून बरीच अधिक ग्रामीण भागातील होती. अपघात हा शहरांचा रोग आहे, ही आपली समजूत खरी नव्हे.

त्या रात्री जखमीस उचलण्यास माणसे कचरली, कारण पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती. ती भीती मनातून काढून टाकावी. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली असून सद्हेतूने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे; आपले नावगाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. 108 या क्रमांकावर दूरध्वनी करावा व जखमीपाशी थांबावे.

अपघातानंतर गावच्या तरुणांनी वेशीजवळ दगडमाती टाकून स्वतःच एक गतिरोधक रचला. हेतू चांगला, परंतु हाही एक सापळाच. शास्त्राप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद व मध्यभागी केवळ 10 सेंटीमीटर उंच असतो, त्यावर रंगाचे पट्टे असतात आणि त्याच्या आधी सूचनाफलक. आमच्या तरुणांची ही निर्मिती वीतभर उंच आणि हातभर रुंद! बाईंनी तीही काढावयास लाविली, तेव्हा तरुण मंडळीही रुष्ट झाली.

आता सदस्याचा अधिकार किती, तेही समजून घ्यावे. लोकांस वाटते, निवडून दिले म्हणजे रस्ता झालाच पाहिजे. गावठाणातील रस्ते ग्रामपंचायतीकडे, ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. शेतांमधील पाणंद अडविली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, परंतु ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमचा हा तुकडा जिल्हा परिषदेचा. बाईंनी प्रथम तो कोणाचा हे कागदावरून शोधून काढिले, हीच त्यांची मोठी कामगिरी, असे आम्ही मानतो. तोवर एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवीत होती, आणि आपण चावडीवर बसून सरकारास दोष देत होतो. त्यांनी लेखी अर्ज दिले, पोच घेतली, ग्रामसभेत ठराव मांडला. पहिल्या खेपेस सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. वास्तविक लागतात ते एकूण मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100 माणसे, यांत जी संख्या कमी असेल तेवढी. बाराशे मतदारांच्या गावात शंभर माणसे मिळाली नाहीत; त्याच सायंकाळी कुस्त्यांच्या फडास मात्र उभे राहण्यास जागा नव्हती.

कचऱ्यासाठी पैसा नाही, असेही ऐकतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातील शेकडा 60 हिस्सा पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेविला होता. कुंड्या आल्या, घंटागाडीही आली. कुंडीत टाकण्याचा हात मात्र अनुदानातून येत नाही. गाडगेबाबा गावात येत ते आधी हाती खराटा घेत, कीर्तन मागाहून. ते 1956 साली गेले, आणि 2000 सालापासून त्यांच्या नावाने शासनाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले. त्या अभियानात रंगविलेला फलक आमच्या मोरीशेजारीच आहे. कचऱ्याच्या ढिगामुळे त्याची खालची ओळ वाचता येत नाही.

राहता राहिले 'आपल्याच माणसांच्या मागे' लागणे. चर बुजला तो आपोआप बुजला नाही. कडेच्या शेतांचे बांध दर नांगरटीस वीत-वीत पुढे सरकत आले, आणि त्यांतील चार शेते आपल्या ज्ञातिबांधवांची आहेत. ट्रॉल्यांपैकीही पुष्कळ आपल्याच घरच्या. सार्वजनिक जागेवर स्वतःचे अतिक्रमण असलेला सदस्य आपल्या पदास अपात्र ठरू शकतो, असा कायदा आहे. तेव्हा बाईंनी प्रथम स्वतःच्या सासऱ्यांचा बांध मागे घेवविला. सून म्हणून हे त्यांस किती जड गेले असेल, याची कल्पना येथील भगिनी आमच्यापेक्षा अधिक करतील. त्यानंतरच त्या इतरांच्या दारी गेल्या. दारी जाऊन त्यांनी काय म्हटले? "आण्णा, मोजणी होऊ द्या. जागा तुमची निघाली तर मी सभेत तसे सांगेन." यांत उद्धटपणा कोठे आहे, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही. ज्ञातीचे माणूस निवडून द्यावयाचे ते आपली वीतभर जमीन झाकण्यासाठी, अशी आपली अपेक्षा असेल, तर ती आपण निवडणुकीपूर्वी त्यांस सांगावयास हवी होती.

आता कामाचे बोलतो. सभामंडपाच्या दारापाशी मेजावर एक वही ठेविली आहे. ज्यांच्या घरी ट्रॉली किंवा टायरगाडी असेल त्यांनी तीत नाव व वाहनांची संख्या लिहावी. पुढे पांढरी, बाजूस पिवळी व मागे लाल अशा परावर्तक पट्ट्या एकत्र मागविण्याचे ठरले असून त्या हंगामापूर्वी लावावयाच्या आहेत. बीड जिल्ह्यातून येणाऱ्या ऊसतोड बांधवांच्या गाड्यांस लागणाऱ्या पट्ट्यांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी पळसाच्या पत्रावळीची चौकशी आतापासून करावी. बांधांच्या चार धन्यांपैकी दोघांनी मोजणीस संमती दिली आहे. उरलेले दोघे या मंडपातच, पुढून तिसऱ्या रांगेत बसले आहेत; त्यांच्याशी आम्ही भोजनानंतर बोलणार आहो, त्यांनी कृपया लवकर उठून जाऊ नये.