प्रयोगवहीतले चुकलेले पान

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे प्राध्यापक, डॉक्टर, साहित्यिक बोलून गेले. आम्ही एका शासकीय तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारे, डिप्लोमापर्यंत शिकलेले. कार्यवाहांनी 'संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण' हा विषय दिला तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. मग विचार केला, विद्येच्या देवतेपुढे बोलायचे तर जे स्वतः पाहिले आहे तेवढेच बोलावे. वीस वर्षे प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभे राहून जे पाहिले, ते सांगतो.

आमचा विषय 'एम्बेडेड सिस्टिम'. नाव जड आहे, वस्तू साधी आहे. एखाद्या यंत्राच्या पोटात बसवलेला छोटा संगणक म्हणजे एम्बेडेड सिस्टिम. आपल्या घरचे वॉशिंग मशीन, भिंतीवरचा डिजिटल वीजमीटर, सोसायटीची लिफ्ट, गाडीचे इंजिन, सगळ्यांत तो असतो. त्याला नेमून दिलेले काम तो रात्रंदिवस करतो. बंद पडला की मगच त्याची आठवण होते.

आम्ही डिप्लोमाला होतो तेव्हा ८०८५ चे किट असे. एकेक आकडा हाताने दाबून प्रोग्रॅम भरायचा, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. नंतर ८०५१ हाताळला. इंटेलने १९८० साली काढलेली ही चिप. तिच्यात कामापुरती स्मृती फक्त १२८ बाइट. पोस्टकार्डावरचा मजकूरही त्यात मावायचा नाही! आज मुलांच्या हातात आर्डुइनो आहे. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी तो विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. काही शे रुपयांत मिळतो, घरच्या संगणकाला जोडला की सुरू. सोय फार झाली. पण सोयीबरोबर एक सवयही आली: तयार प्रोग्रॅम उतरवायचा, चालला की वहीत लिहायचे, 'प्रयोग यशस्वी झाला'. आणि आम्ही खाली सही करायची.

आता आपल्याच मंडळाची एक गोष्ट. चार वर्षांपूर्वीचा आपला हलता देखावा आठवतो ना? मूषक मोदकाचे ताट घेऊन बाप्पापुढे येई आणि मागे कमळ उमले. मुलांनी आर्डुइनो लावला होता, मोटारी जुन्या गाड्यांच्या वायपरच्या. मूषक वेगळा तपासला, ठीक. कमळ वेगळे तपासले, ठीक. दोन्ही एकत्र जोडले आणि मूषक अर्ध्या वाटेत थबकून पुन्हा मागे पळू लागला. स्थापना दुसऱ्या दिवशी! मुलांनी रात्रीत तीनदा प्रोग्रॅम बदलला. आम्हीही बदलला. गुण नाही.

नववीतली एक मुलगी मात्र कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. मूषक थबकला की ती वेळ लिही आणि त्या क्षणी दुसरे काय चालू होते, काय बंद झाले, तेही लिही. पहाटे तिने आम्हाला हाक मारली, "काका, कमळाची मोटार बंद होते ना, त्याच क्षणी हा पळतो."

बरोबर होते. मोटार एकदम बंद केली की तिच्या गुंडाळीतून उलट्या दाबाचा झटका येतो. दोघांचा वीजपुरवठा एकच असल्याने तो झटका चिपपर्यंत पोचे आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हतीच. मोटारीला उलट्या दिशेने एक डायोड जोडला, चिपचा पुरवठा वेगळा केला आणि मूषक दहा दिवस शिस्तीत चालला. डायोडची किंमत दोन-तीन रुपये.

असेच मंगळावरही घडले आहे. १९९७ च्या जुलैत अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कारण आपल्या कचेरीतल्या भाषेत सांगतो. शिपायाकडे कपाटाची किल्ली आहे. साहेबांना कपाट हवे, म्हणून ते शिपायासाठी थांबले आहेत. तेवढ्यात मधल्या हुद्द्याचा कारकून शिपायाला बाजूला सारून आपलेच लांबलचक काम काढून बसतो. कारकुनामुळे शिपाई अडला, शिपायामुळे साहेब अडले! त्या संगणकातही तीन कामांची अशीच अडवणूक झाली. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही हे पाहून संगणकातला पहारेकरी, म्हणजे 'वॉचडॉग', सगळे पुन्हा सुरू करी.

तिथल्या अभियंत्यांनी काय केले? पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच संगणकावर तोच बिघाड पुन्हा घडवून आणला, टिपणे तपासली आणि कारण शोधले. मग किल्ली हातात असेपर्यंत शिपायालाच साहेबांचा हुद्दा मिळेल, अशी दुरुस्ती मंगळावर पाठवली. बिघाड पुन्हा घडवायचा आणि त्या वेळी काय काय चालले होते ते लिहून ठेवायचे. आपल्या नववीतल्या मुलीची रीत यापेक्षा वेगळी नव्हती.

आता आमच्या चुकीचे सांगतो. तीच मुलगी दहावीनंतर डिप्लोमाला आली. तिच्या वडिलांनी आम्हाला विचारले होते, "एवढे चांगले मार्क, आणि डिप्लोमाच का?" तेव्हा आम्हाला छातीठोक उत्तर देता आले नाही. पुढे ती आमच्याच प्रयोगशाळेत आली. या वर्षी उन्हाळ्याआधी तिने प्रयोगवहीत एका पानावर लिहिले होते: 'निष्पत्ती चुकीची आली. कारण दोन दिवसांनी सापडले.' आणि खाली कारण, आकृतीसह. आम्ही वही परत केली. म्हटले, "हे पान पुन्हा नीट लिही. परीक्षकांना 'यशस्वी' लागते."

ती क्षणभर गप्प राहिली. एरवी तिथे 'सर' म्हणते, त्या दिवशी म्हणाली, "काका, मग मूषकाचे काय लिहायचे होते?"

मंडळी, वीस वर्षांत किती वह्यांवर सह्या केल्या याचा हिशेब नाही. त्यातल्या कित्येक पानांवरचे 'यशस्वी' उतरवलेले आहे हे आम्हाला ठाऊक होते. त्या संध्याकाळी घरी जेवण गोड लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्या पानावर आहे तशी सही केली. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत एक चुकलेला प्रयोग, कारणासकट, आम्ही मागून घेतो.

आपण बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढले, ते हात आणि डोके एकत्र चालावेत म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याच कलाभवनाची पुढे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झाली. भारताचा 'परम' महासंगणक १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये उभा करणारे डॉ. विजय भटकर यांनीही पदव्युत्तर शिक्षण बडोद्याच्याच विद्यापीठात घेतले. हा वारसा केवळ भाषणात सांगण्यासाठी नाही.

म्हणून दोन मागणी. एक, मंडळाच्या सभागृहात दर रविवारी दोन तास एक टेबल आणि वीजजोडणी द्या. घरातले बंद पडलेले मिक्सर, रेडिओ, खेळण्यांतल्या मोटारी आणून द्या. शिकवायला आम्ही येऊ. दुसरी मागणी पालकांना. मुलाने काही उघडले आणि ते पुन्हा जुळले नाही, तर रागावू नका. 'का बिघडले' एवढेच विचारा, आणि उत्तर वहीत लिहायला सांगा.

त्या मुलीच्या वडिलांना तेव्हा देता न आलेले उत्तरही आज देतो. ते समोरच बसले आहेत. डिप्लोमा, डिग्री पुढचे पुढे पाहू. तुमच्या मुलीला चूक लपवता येत नाही, ती शोधता येते. आमच्या विद्येत याहून मोठी शिदोरी नाही.

गणपती बाप्पा मोरया!