वार्धक्य, शाकाहार आणि ब-१२



पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहारींना धोका अधिक, हेही दिसून आले. शाकाहारनिष्ठ समाजाला हे आकडे बोचतील, पण ते टाळून चालणार नाही.

मध्यमवयात ही स्थिती, तर उतारवयात काय? ब-१२ केवळ सूक्ष्मजंतू निर्माण करतात. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. वयपरत्वे जठरातील आम्ल घटते आणि अन्नातील ब-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते. सोलापूरच्या कितीतरी घरांत 'वय झाले' एवढ्या दोन शब्दांत वडीलधाऱ्यांची बोळवण होते! वेळीच निदान झाले तर उपचार सोपा आहे. फार विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

उपचाराने आहारधर्म मोडेल ही भीती अनाठायी आहे. औषधातील ब-१२ जंतूंच्या साहाय्याने किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून डॉक्टरांकडे गोळीच मागावी. दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्या ज्येष्ठांनी रक्ताची ही तपासणी पर्वाआधीच करून घ्यावी.