पुढारपण आईच्या पोटातून येत नाही
(वाड्यांच्या शिबिरातलं भाषण)



परवा एका वाडीत वनहक्क समिती निवडायची होती. एक ताई म्हणाली, "मला नको घेऊ. पुढारपण रक्तातच असावं लागतं." आज तेवढ्यावरच बोलते.

आपलं चिरनेर बघा. २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी तिथं शहीद झाला. त्याचं घराणं पुढाऱ्याचं म्हणून आपण त्याचं नाव घेत नाय. त्या दिवशी तो लोकांबरोबर उभा राहिला, म्हणून घेतो.

अलिबागकडं चरीला १९३३ साली कुळांनी खोतांची शेती करायची बंद केली. नारायण नागू पाटील पुढं होते, खरं. पण संप १९३९ पर्यंत चालला. एवढे पावसाळे एकटा माणूस काढील काय? घराघरानं कळ सोसली, तेव्हा तो टिकला.

आपल्याला भात लावायला कोणी शिकवलं? आईच्या मागं चिखलात उभं राहून शिकलो. हे पण तसंच. मी पहिल्यांदा कचेरीत गेले तेव्हा तोंडातून आवाज फुटला नाय. दुसऱ्या खेपेला अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला म्हटलं, "साहेब, पोच द्या." पोच मागायला शिकायला तीन खेपा लागल्या.

आता आपली चूक सांगते. एका वाडीत सगळे कागद एकाच दादाकडं. दादा वीटभट्टीवर गेला. जागेची पाहणी करायला माणसं आली, तर कागद पेटीत नि पेटीला कुलूप! दादा वाईट नव्हता. आपणच सगळं त्याच्यावर टाकून मोकळे झालो होतो.

कायदासुद्धा एकच पुढारी मागत नाय. समितीत १० ते १५ माणसं, त्यात एक तृतीयांश तरी बाया. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा. म्हंजे सांगणारी आजी आणि लिहिणारी पोर, दोघींचं काम आहे.

म्हणून आजपासून तीन गोष्टी करू. कचेरीत एकट्यानं जायचं नाय, सोबत एक नवं माणूस न्यायचं. आलेला कागद वाडीत मोठ्यानं वाचायचा. प्रत्येक कागदाची नक्कल दुसऱ्या घरात ठेवायची.

आणि त्या ताईला परत विचारा. या खेपेला तिचं नाव लिहूनच उठा.

जिंदाबाद!