पडली तर उठेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवात उखाणा घ्यायचा तरी माझी जीभ अडखळते, मग भाषण कुठले जमणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही कॅनडात जाऊन आलात, तिकडचे काही सांगा." तिकडची मोठमोठी दुकाने आणि धबधबे यांविषयी मी सांगणार नाही. ते तुम्ही चित्रांत पाहिलेच आहे. मी एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. त्याआधी थोडे घरचे सांगावे लागेल, त्याशिवाय ती गोष्ट पुरी व्हायची नाही.

माझी धाकटी मुलगी तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आता ती चौदा वर्षांची आहे. आठ-नऊ वर्षांची असताना तिन्हीसांजेला ती ठेचकाळू लागली. उंबऱ्याला अडखळे, पाटाला अडखळे. एकदा भरलेली कळशी तिच्या पायाने कलंडली, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. "डोळे फुटले काय तुझे?" असे म्हणाले. बायांनो, तो शब्द माझ्या तोंडून गेला तो गेला. अजून रात्री जाग आली की तो मला ऐकू येतो.

सासूबाई म्हणाल्या, रातांधळेपणा असेल, गाजर द्या, शेवग्याचा पाला द्या. दिला. जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा आला असता तर त्याने गुणही आला असता. पण तसे नव्हते. जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले तेव्हा कळले, की हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे आणि तो जन्मतःच रक्तातून येतो. आईबापांना स्वतःला काही होत नाही, पण दोघांकडून तो दोष मुलाकडे आला की आजार दिसतो. आधी अंधारात दिसेनासे होते, मग कडेचे दिसेनासे होते. शेवटी नळकांड्यातून पाहावे तेवढे समोरचे उरते. चष्म्याचा त्याला उपयोग नाही. औषध विचारले, तर डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

मी आत्याच्या घरात दिलेली. नात्यातल्या नात्यात लग्न झाले की असा दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो, असेही तेव्हा समजले. ते समजल्यावर घरात कोण काय बोलले ते मी येथे सांगत नाही. मी मात्र एक केले. मुलीला घरात बसवले. खो-खोतून नाव काढले. शाळेतल्या बाईही म्हणाल्या, "नको पाठवू, उद्या पडली तर जबाबदारी कोणाची?" मला ते पटले. शाळेतून घर आणि घरातून शाळा, एवढेच तिचे जग मी ठेवले. संध्याकाळी मुले पटांगणात ओरडत आणि ही खिडकीशी बसून नुसती ऐके. मला वाटे, मी तिला जपते आहे.

मागच्या हिवाळ्यात ताईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तिच्याजवळ दुसरे बाईमाणूस नाही, म्हणून मी चार महिन्यांसाठी टोरांटोला गेले. ती जरा हिंडूफिरू लागल्यावर एका रविवारी दाजी म्हणाले, "चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो. स्वेटरावर स्वेटर घाला." ताईही काठी टेकीत निघाली. त्यांनी मला मुद्दाम नेले होते, हे पुढे कळले.

एका मोठ्या छपराखाली बर्फाचे मैदान होते, फरशीसारखे गुळगुळीत. त्यावर पायाला पाती लावलेले बूट घालून माणसे हॉकी खेळत होती. आपली हॉकी गवतावरची, त्यांची बर्फावरची. चेंडूऐवजी एक चपटी चकती असते. तिला ते पक म्हणतात. ती रबराची, आपल्या तळहातात मावेल एवढी. पण येथे जी चकती होती ती पोलादाची, साडेपाच इंच रुंद आणि सुमारे दोन इंच जाड, आतून पोकळ. तिच्यात छर्रे भरलेले. ती घसरली की खळखळ खळखळ आवाज होई.

मी विचारले, "एवढा आवाज कशाला?"

दाजी म्हणाले, "कारण खेळणाऱ्यांना ती दिसत नाही. हे सगळे आंधळे आहेत."

मला वाटले दाजी थट्टा करतात. ती माणसे वाऱ्यासारखी धावत होती! पण ते खरे होते. ज्यांची नजर चांगल्या नजरेच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहून कमी असते, त्यांनाच या खेळात घेतात. ज्यांना थोडे अधिक दिसते ते पुढे खेळतात, कमी दिसणारे मागे राखण करतात, आणि ज्यांना काहीच दिसत नाही ते गोल राखतात. हे ऐकून मी तोंडात बोट घातले. चकती अंगावर येते ती त्याच्या, ज्याला मुळीच दिसत नाही! तो खाली वाकून कान देऊन असतो, आणि आवाज जिकडून येईल तिकडे अंग झोकून देतो.

नियमही विचार करून केलेले आहेत. गोलाची जाळी नेहमी चार फूट उंच असते. येथे ती तीन फूट ठेवतात, कारण चकती उंच उडाली तर तिचा आवाज होत नाही, आणि मग गोलवाल्याने काय ऐकावे? दुसरा नियम मला फार आवडला. बर्फात निळ्या रेघा आखलेल्या असतात. समोरच्यांच्या निळ्या रेघेपलीकडे चकती नेली, की एकट्याने सरळ गोल मारता येत नाही. आधी आपल्या गड्याकडे एकदा तरी ती द्यावी लागते. ती दिली की पंच वेगळ्या आवाजाची शिटी वाजवतात. त्यामुळे गोलवाल्याला चकती कोठे आहे ते कळायला वेळ मिळतो. मी मनात म्हटले, एकट्याने पुढे धावायचे नाही, आधी दुसऱ्याच्या हाती द्यायचे, हा नियम आपल्या संसारातही असता तर बरे झाले असते.

हा खेळ काही काल-परवाचा नव्हे. टोरांटोला 1972 सालापासून अशा खेळाडूंचा संघ आहे. त्याचे नाव 'आइस आउल्स', म्हणजे बर्फातली घुबडे. आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन, पण तिकडे त्यांनी अंधारात वावरणारा पक्षी म्हणून हौसेने ते नाव घेतले. सुरुवातीला असली चकती नव्हती, रसाचा रिकामा पत्र्याचा डबाच काठीने मारीत. मार्क डिमाँटिस नावाच्या तरुणाची गोष्टही दाजींनी सांगितली. सतराव्या वर्षी त्याची समोरची नजर गेली. मोठा हॉकीपटू होण्याचे त्याचे स्वप्न होते ते मोडले. तो रडत बसला नाही. 2009 साली तो चाकांचे बूट घालून टोरांटोहून व्हँकुव्हरपर्यंत पाच हजार किलोमीटरांवर गेला, आणि अंध मुलांच्या हॉकीसाठी पैसे जमवले. 2013 साली टोरांटोला या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि 2018 साली कॅनडा आणि अमेरिका यांचे सामने पिट्सबर्गला झाले.

आता मूळ गोष्टीकडे येते. खेळता खेळता दोघांची टक्कर झाली आणि एकजण धाडकन पडली. हो, पडली. ती मुलगी होती, विसाच्या आतबाहेरची. मी किंचाळून उभी राहिले. माझ्या शेजारी एक बाई कॉफी पीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग मैदानाकडे पाहिले, आणि ती जागची हलली नाही. मुलगी उठली, तिने आपली काठी चाचपली आणि ती पुन्हा धावू लागली.

ताई कानात म्हणाली, "ही तिची आई."

मला तिचा रागच आला. मी ताईला म्हटले, "विचार तिला, काळजी वाटत नाही का?" ताईने विचारले. बाई हसली आणि म्हणाली, "वाटते ना. पण पडली तर उठेल. नाहीच उठली, तर मी इथे आहेच." मग तिला ताईकडून समजले की माझ्या मुलीलाही डोळ्यांचा आजार आहे. तिच्या मुलीचा आजार तोच निघाला, नळकांड्याच्या नजरेचा. तिने मोठ्या आनंदाने विचारले, "तुमची मुलगी काय खेळते?"

ताईने मला मराठीत सांगितले. मी म्हटले, "ती घरी असते."

बाईने पुन्हा विचारले, "घरी काय खेळते?"

बायांनो, मला याचे उत्तर देता आले नाही. ताई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी पदराने डोळे पुसले आणि थंडीने पाणी आले असे सांगितले.

त्या रात्री मी घरी फोन लावला. येथे तेव्हा सकाळ होती. मुलीला म्हटले, "तुला काय खेळावेसे वाटते ग?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तू रागावणार नाहीस ना?" यावरून मी तिला काय जपले होते ते तुम्हीच समजून घ्या.

परत आल्यावर आमच्या ह्यांनी सायकलच्या दुकानातून छर्रे आणले. बिस्किटांच्या गोल, चपट्या पत्र्याच्या डब्यात ते घालून झाकण चिकटपट्टीने घट्ट बसवले. पेरूच्या वाकड्या फांद्यांच्या काठ्या केल्या. बर्फ कोठून आणणार? आपली शहाबादी फरशी आहेच. शेजारची मुले जमली. माझ्या मुलीला मधोमध दिसते, म्हणून ती मान फिरवून फिरवून डबा शोधते, आणि सापडला की सोडत नाही. गोलात जो उभा राहील त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधायचा, असा नियम मुलांनीच केला. पहिल्या दिवशी एका मोठ्या मुलाने फुशारकीने रुमाल बांधून घेतला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "काकू, हे फार कठीण आहे!" त्या दिवसापासून त्याने तिला 'बिचारी' म्हटलेले नाही. दुपारी डब्याच्या आवाजाने ज्यांची झोपमोड झाली असेल, त्यांची मी येथे हात जोडून क्षमा मागते.

ती पडली नाही असे नाही. दोनदा गुडघे फुटले. दोन्ही वेळा मी दारात उभी होते, आणि दोन्ही वेळा उंबरा धरून तेथेच थांबले. ते थांबणे मला कळशी उचलण्यापेक्षा जड गेले.

आता तीच मला बातम्या सांगते. आपल्या देशातही अंध मुली क्रिकेट खेळतात. त्यांच्या चेंडूतही छर्रे असतात आणि तो जमिनीलगत टाकतात. आपल्या मुलींनी 2023 साली बर्मिंगहॅमला सुवर्णपदक जिंकले, आणि 2025 सालच्या नोव्हेंबरात कोलंबोला नेपाळला हरवून अंध महिलांचा पहिला विश्वचषक आणला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम होती. या मुलींच्या आयांनीही कधी ना कधी उंबरा धरला असेल.

शेवटी तीन गोष्टी सांगते. पहिली, मूल तिन्हीसांजेला अडखळत असेल तर त्याला वेंधळे म्हणू नका, डोळे तपासून घ्या. दुसरी, 2016 सालच्या अपंगांच्या कायद्याप्रमाणे नजरेचा घेर चाळीस अंशांहून कमी झाला, तरी ती दृष्टीची कमतरता धरली जाते. समोरचे नीट दिसते म्हणून दाखला मिळणार नाही, असे समजू नका. आम्ही तसे समजून दोन वर्षे घालवली. तिसरे माझे मंडळाकडे मागणे आहे. रविवारी सकाळी दोन तास मंडळाचे अंगण या मुलांना द्यावे आणि मधल्या कुंड्या तेवढ्या भिंतीकडेला सरकवाव्यात. आजूबाजूच्या गावांत अशी आणखी मुले खिडकीशी बसलेली असतील. त्यांच्या आयांना निरोप द्या. कुंड्या सरकवायला मी स्वतः येईन.