आधुनिक जीवन व अंतर्मुखता
(मठाच्या वर्धापनदिनी गोत्री येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगलप्रसंगी चार शब्द बोलण्याची गुरुवर्यांची आज्ञा झाली. पाठशाळेत अध्यापन करणाऱ्या शिष्याने आपणांस उपदेश करावा, हा माझा अधिकार नव्हे. परंतु मठात येणारे पुष्कळ जण एक प्रश्न विचारतात : संसार, नोकरी आणि व्यवहार यांच्या रगाड्यात मन स्थिर व्हावे कसे? आणि ते स्थिर झाले, तर पुढे हातून काम तरी होईल काय? या दोन्ही शंकांना उत्तर देणारी एक घटना आपल्या याच बडोदे शहरात घडलेली आहे. तीच आज आपणांपुढे मांडतो.

श्रीअरविंद घोष इंग्लंडमधील शिक्षण संपवून १८९३ साली बडोदे संस्थानच्या सेवेत आले. प्रथम निरनिराळ्या सरकारी खात्यांत व पुढे बडोदे कॉलेजात त्यांनी सुमारे तेरा वर्षे काम केले. त्यांचे वास्तव्य असलेली दांडिया बाजारातील वास्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९०६ साली बडोदे सोडून ते बंगालच्या राष्ट्रीय चळवळीत शिरले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या काँग्रेसमध्ये फूट पडली, आणि तेथील गदारोळातून निघून ते पुन्हा बडोद्यास आले. अशा वेळी त्यांची व विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याची भेट झाली.

पुढे काय घडले, हे स्वतः श्रीअरविंदांनी सांगून ठेवले आहे. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरील एका खोलीत ते दोघे तीन दिवस बसले. लेल्यांची शिकवण अगदी साधी होती. विचार आपल्या मनात उत्पन्न होतात असे आपण समजतो. वस्तुतः ते बाहेरून येतात. ते आत शिरण्यापूर्वीच त्यांस ओळखावे आणि परतवावे. श्रीअरविंदांनी तसे केले, आणि तीन दिवसांत त्यांचे मन पूर्णपणे निःशब्द झाले.

परंतु येथेच खरी अडचण उभी राहिली. देशकार्यासाठी सामर्थ्य मिळावे, म्हणून ते योगाकडे वळले होते. आणि हाती आला तो असा अनुभव की, सारे जग छायेसारखे, पोकळ भासू लागले. हे फळ त्यांना अपेक्षित नव्हते, लेल्यांनाही नव्हते. त्यातच मुंबईस व्याख्यान देण्याचे ठरलेले! मनात एकही विचार नसताना सभेपुढे बोलावे काय? लेल्यांनी सांगितले : श्रोत्यांस नमस्कार करावा आणि वाट पाहावी, वाणी आपोआप येईल. १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईच्या सभेत त्यांनी तसेच केले, आणि व्याख्यान झाले. पुढील त्यांचे सारे बोलणे, लिहिणे व कार्य त्याच निःशब्द मनातून होत राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना अटक झाली. अलिपूरच्या तुरुंगात वर्षभर राहावे लागले, तरी साधना खंडित झाली नाही. उलट ती अधिक खोल गेली.

या घटनेतून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की, तो वाडा काही हिमालयातील गुहा नव्हे. बाहेर शहर होते, राजकारण होते, भेटीस उत्सुक असलेले लोक होते. अडथळा बाहेरच्या आवाजाचा नसून, येईल त्या विचारास न विचारता आत घेण्याच्या आपल्या सवयीचा आहे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. सूत्रपाठ करणाऱ्या विद्यार्थ्याशेजारी तो उजळला, की त्याची दृष्टी तिकडे वळते आणि सूत्र अर्धेच राहते. दोष यंत्राचा म्हणावा, तर यंत्र नसतानाही मन हेच करीत आले आहे. यंत्राने फक्त दार अधिक सताड उघडले. द्वारपाल जागा हवा, एवढेच.

दुसरी गोष्ट, तीन दिवसांच्या या सिद्धीस भुलू नये. त्यापूर्वी काही वर्षे श्रीअरविंदांचा प्राणायामाचा अभ्यास चालू होता. पातंजल योगदर्शनाने अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली, त्यांत अभ्यासास दीर्घकाळाची व अखंडतेची अट घातली आहे. फळ एका दिवशी पडते. म्हणून ते एका दिवसात पिकले असे होत नाही.

तिसरी गोष्ट मठाच्या शिष्याने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. निरोप घेताना लेल्यांनी श्रीअरविंदांस स्वतःशी बांधून ठेवले नाही. अंतर्यामी असलेल्या मार्गदर्शकाच्या हाती सोपविले. शिष्याला आपल्यावर नव्हे, तर त्याच्या हृदयस्थ परमेश्वरावर विसंबावयास शिकविणे, हेच गुरूचे श्रेष्ठ कार्य होय. मठ हे त्या दाराशी नेणारे स्थान आहे; दार मात्र प्रत्येकाच्या अंतरातच आहे.

बंधुभगिनींनो, श्रीअरविंदांचा तो अनुभव आपल्या वाट्यास येईल की नाही, हे ईश्वराधीन आहे. परंतु लेल्यांनी सांगितलेला नमस्कार आपणां सर्वांस साध्य आहे. दुकान उघडताना, कचेरीत टेबलाशी बसताना, चुलीशी उभे राहताना अथवा रागाचे उत्तर ओठांवर आले असता, क्षणभर मनोमन नमस्कार करावा आणि थांबावे. त्या क्षणात जे बोलणे व जे कर्म उमटेल, ते अधिक शुद्ध असेल. असा क्षण रोज थोडाथोडा वाढत जावो, अशी गुरुचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.